मिश्रीने रक्त थांबतं, आजार नाही

प्रश्न : आम्ही निपाणीजवळच्या खेड्यात राहतो. सासूबाई ५८ वर्षांच्या. बारा वर्षं शुगर आहे, मागच्या महिन्यात एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ९.२ आली. लग्नाआधीपासून त्या दिवसातून तीनदा मिश्री लावतात. खालचे पुढचे दोन दात चांगलेच हलतात, तोंडाला वास येतो, भाकरी आमटीत कुस्करल्याशिवाय खाता येत नाही. मध्यंतरी आठ दिवस मिश्री बंद केली तर हिरड्यांतून रक्त यायला लागलं. परत लावली, थांबलं. ‘मिश्रीनंच दात टिकलेत’ असं त्या म्हणतात. बेळगावच्या दाताच्या डॉक्टरांनी डीप क्लिनिंग आणि ते दोन दात काढायला सांगितलंय. पण शेजारच्या काकूंचे दात क्लिनिंगनंतरच हलायला लागले, म्हणून घरात सगळे घाबरलेत. माझे मिस्टर म्हणतात, सगळेच दात काढून कवळी बसवू. मला स्वतःला पाचवा महिना आहे, ब्रश केला की माझ्याही हिरड्यांतून रक्त येतं. काय करावं?

उत्तर : ताई, सासूबाईंनी जे पाहिलं ते खरं आहे. मिश्री लावली की रक्त कमी होतं, सोडली की येतं. चूक आहे ती त्यावरून काढलेल्या अर्थात. मिश्री म्हणजे तव्यावर करपवून कुटलेली तंबाखू. तिच्यातलं निकोटीन हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळून धरतं. रक्त कमी पोचलं की हिरडी फिकट आणि घट्ट दिसते, लाली जाते, ब्रश लागला तरी रक्त येत नाही. आतला आजार चालूच राहतो, आणि जास्त वेगाने, कारण जंतूंशी लढणाऱ्या पेशीही रक्तातूनच यायच्या असतात आणि तंबाखू त्यांनाही मंद करते. विडी-सिगरेट ओढणाऱ्यांच्या तोंडात दंतवैद्यांना अनेकदा हेच सापडतं : वरून हिरडी बरी दिसते आणि एक्स-रेत हाड अर्धं गेलेलं असतं.

मिश्री सोडल्यावर आवळलेल्या वाहिन्या मोकळ्या होतात आणि आधीपासून असलेली सूज रक्ताच्या रूपाने दिसू लागते. सफाई न करता नुसती मिश्री सोडली तर हे रक्त आठवडेच्या आठवडे येत राहील आणि सासूबाई पुन्हा डबी उघडतील. म्हणून क्रम असा ठेवा : आधी सफाईची तारीख घ्या, आणि मिश्री त्या दिवसापासून बंद. तुरटीच्या चुळांचंही असंच. त्यांनी हिरडी आकसते, आजार जागच्या जागी राहतो.

आता मुळात काय बिघडलंय ते बघू. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक खाच असते, निरोगी तोंडात १ ते ३ मिलिमीटर खोल. दातांवर दिवसभर जंतूंचा चिकट थर बसत असतो. तो हिरडीच्या कडेला साचला की हिरडी सुजते आणि रक्त येतं. १९६५ साली डेन्मार्कमध्ये निरोगी हिरड्यांच्या स्वयंसेवकांना दात घासणं थांबवायला लावून हे तपासलं गेलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि पुन्हा घासायला सुरुवात केल्यावर साधारण आठवड्यात ठीक झाल्या. या टप्प्यावर सगळं परत मिळतं.

थर तसाच राहिला तर थुंकीतले क्षार त्यात बसून काही दिवसांतच तो दगडासारखा कडक होतो. यालाच आपण दातावरचं कीट म्हणतो. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला ते सगळ्यात जास्त चढतं, कारण लाळेच्या नळ्या तिथेच उघडतात. कीट खडबडीत, त्यावर नवा थर बसतो, तो हिरडीच्या खाली सरकतो, आणि ३ मिलिमीटरची खाच ५-६ मिलिमीटरची होते. डॉक्टर तिला पॉकेट म्हणतात. तिथे ब्रश पोचत नाही, चूळ पोचत नाही. शरीर त्या जंतूंपासून मागे हटतं, म्हणजे दाताला धरून ठेवणारं हाडच विरघळत जातं. लोक ज्याला पायोरिया म्हणतात तो हा. गेलेलं हाड सहसा परत येत नाही. उपचाराचा हेतू असतो उरलेलं टिकवण्याचा. आणि यात दुखत नाही, म्हणून माणूस दात हलेपर्यंत थांबतो.

काकूंचे दात ‘क्लिनिंगमुळे हलले’ ही भीती बेळगावपासून खानापूर-चिकोडीपर्यंत घरोघरी ऐकू येते, म्हणून ती नीट सोडवून घेऊ. गोठ्याच्या मेढीच्या बुडातली माती पावसाने वाहून गेली आणि भोवती चिखल वाळून बसला, तर मेढ उभी दिसते. चिखल काढला की डुगडुगते. माती मात्र आधीच गेलेली असते. दातांचंही तेच. शेजारशेजारच्या दातांमध्ये कीट भरून ते एकमेकांना जखडलेले असतात, आणि कीट निघालं की हाड किती उरलंय ते कळतं. सुजलेली हिरडी सफाईनंतर ओसरते, त्यामुळे फटी दिसतात आणि दात लांब वाटतात. त्या फटीही आधीपासून होत्या, सुजेने झाकलेल्या. पुढे उलटंच घडतं. सूज उतरली की थोडे हलणारे बरेच दात काही आठवड्यांत घट्ट होतात. हे त्या डॉक्टरांनी काकूंना आधी सांगायला हवं होतं. न सांगता केलेल्या सफाईची बदनामी गावभर होते आणि पुढची दहा माणसं दवाखान्यात जात नाहीत.

उपचार प्रत्यक्षात कसा होतो? पहिल्या भेटीत डॉक्टर मिलिमीटरच्या खुणा असलेल्या बारीक सळीने प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी पॉकेट मोजतात आणि संपूर्ण जबड्याचा एक्स-रे काढतात. हे आकडे लिहिलेला कागद मागून घ्या, तीन महिन्यांनी तुलना त्यावरच होणार आहे. कुणी न मोजताच ‘सफाई करू’ म्हणालं तर मोजायला सांगा, यात संकोच नको. मग डीप क्लिनिंग. भूल देऊन हिरडीखालचं कीट काढतात आणि मुळाचा पृष्ठभाग स्वच्छ करतात. बहुतेक ठिकाणी एका दिवशी उजवी बाजू आणि काही दिवसांनी डावी, प्रत्येक वेळी पाऊण-एक तास. भूल दोन-तीन तास राहते. तेवढ्यात गरम काही देऊ नका, ओठ किंवा गाल चावला तरी कळत नाही. दिवसभर थुंकीत रक्ताची छटा राहील. थंड पाणी दोन ते चार आठवडे झोंबेल. त्यासाठी सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट पुरते.

सहा आठवडे ते तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी. जिथे अजून ५-६ मिलिमीटरचं पॉकेट आणि रक्त असेल तिथे हिरडी उघडून साफ करण्याचं छोटं ऑपरेशन, त्याला फ्लॅप म्हणतात, सुचवलं जाईल. ते लगेच पहिल्याच दिवशी ठरवायचं नसतं. नंतर दर तीन महिन्यांनी तपासणी आणि हलकी सफाई. खूप जण इथेच चुकतात. एकदा केलं, बरं वाटलं, पुन्हा गेलेच नाहीत. खोल पॉकेटात जंतूंची वस्ती दोन-तीन महिन्यांत पुन्हा जमते, म्हणून तीन महिने.

खर्चाची अडचण असेल तर बेळगावात दोन दंत महाविद्यालयं आहेत, नेहरूनगरचं केएलईचं आणि मराठा मंडळाचं. दोन्हीकडे हिरड्यांचा स्वतंत्र विभाग असतो. शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे वेळ जास्त जातो, पैसे कमी. निपाणीहून सकाळची गाडी धरून जा आणि दिवस मोकळा ठेवा. शुगरची फाइल, चालू औषधांच्या पट्ट्या आणि आधीचा एक्स-रे पिशवीत असू द्या. औषधांची नावं तोंडी सांगण्यापेक्षा पट्ट्या दाखवणं बरं, विशेषतः बीपीची गोळी. अ‍ॅम्लोडिपिनने काहींच्या हिरड्या दातांवर वाढून येतात, फिटच्या फेनिटॉइननेही. तसं असेल तर गोळी बदलायची की नाही ते ती देणारे डॉक्टर ठरवतील, तुम्ही बंद करू नका. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर तीही सफाईसाठी स्वतःहून थांबवू नका. हृदयात कृत्रिम झडप बसवलेली असेल तर ते आधी सांगा. त्यात आधी अँटिबायोटिक द्यावं लागतं.

ते दोन दात. दात बाजूला हलतो तेव्हा डॉक्टर त्याला पहिली किंवा दुसरी पायरी म्हणतात. वरून दाबल्यावर खालीही जातो ती तिसरी. तिसऱ्या पायरीचा दात वाचवता येणं कठीण, आणि तो ठेवला तर शेजारच्या दाताचं हाडही जाऊ शकतं. तेव्हा हे दोन कुठल्या पायरीत आहेत ते विचारा. तिसऱ्या असतील तर काढणंच योग्य. दुसऱ्या असतील तर सफाईनंतर तीन महिने थांबून, गरज पडल्यास शेजारच्या दातांना तारेने बांधून, बघता येतं.

सगळेच दात काढायला मात्र आमचा विरोध आहे. आपल्या मिस्टरांना सांगा : दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजतच राहतं. वरची कवळी टाळूला धरून बसते. खालची बसायला जागाच कमी, त्यात हाड झिजलं की ती जिभेबरोबर उठते. कवळीने चावण्याचा जोर नैसर्गिक दातांच्या मानाने फारच कमी पडतो. आज भाकरी कुस्करून खाणाऱ्या सासूबाई कवळीवरही कुस्करूनच खातील. ज्या दातांना हाड शिल्लक आहे ते ठेवून, गेलेल्या दोन दातांच्या जागी नंतर छोटी कवळी किंवा ब्रिज (शेजारच्या दातांवर टेकवून पक्के बसवलेले दात) करता येतो. दारिद्र्यरेषेखालच्या कार्डावर कर्नाटकात दंत भाग्य योजनेतून कवळी मिळते, ती चौकशी दंत महाविद्यालयातच करा.

शुगर आणि हिरडी एकमेकींना खाली ओढतात, आणि ९.२ हा आकडा म्हणून महत्त्वाचा आहे. साखर जास्त राहिली की पांढऱ्या पेशी नीट लढत नाहीत, जखम भरत नाही आणि हाड लवकर जातं. हिरडीच्या आजाराच्या आजच्या वर्गीकरणात एचबीए१सी ७ किंवा जास्त असलेल्या मधुमेह्याचा आजार सर्वात वेगाने वाढणाऱ्या गटात धरतात. उलट बाजूने, वाढलेल्या आजारात सगळ्या पॉकेटांचा सुजलेला भाग एकत्र मांडला तर तो ८ ते २० चौरस सेंटीमीटर भरतो. तेवढी उघडी जखम हाताला असती तर कुणी वर्षानुवर्षं तशी ठेवली नसती. त्या सुजेतून रक्तात जाणारी रसायनं इन्सुलिनचं काम अडवतात. हिरड्यांचा उपचार नीट झाल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.४ च्या आसपास उतरते. याने शुगरची गोळी सुटत नाही, पण एक गोळी वाढवायची वेळ टळू शकते. तर आजचा आकडा लिहून ठेवा आणि सफाईनंतर तीन महिन्यांनी पुन्हा करा. जेवणाचं पथ्य चालूच राहील. कुंदा, करदंट अशा मिठायांचा डबा पाहुण्यांसाठी.

‘शुगर उतरल्यावर दात बघू’ असं मात्र करू नका. सफाईसाठी थांबायचं नसतं. दात काढायच्या दिवशी साखर २५०-३०० च्या पुढे असेल तर डॉक्टर काढणं पुढे ढकलतील, एवढंच. भेट सकाळची घ्या, नेहमीचा नाश्ता आणि नेहमीची गोळी घेऊन जा. उपाशीपोटी गोळी घेऊन खुर्चीत बसलं की साखर एकदम खाली येते, घाम फुटतो, आणि घरचे समजतात भूल बाधली. पिशवीत साखरेची पुडी ठेवा.

हृदयविकाराबद्दलही लोक विचारतात. हिरडीचा आजार असलेल्यांत हृदयविकार जास्त आढळतो हे पक्कं. हिरडीमुळेच तो होतो हे अजून सिद्ध झालेलं नाही. तंबाखू आणि शुगर दोन्हीकडे नुकसान करतात, त्यामुळे दोन्ही एकाच माणसात दिसतात. ‘हिरडी साफ केली की अटॅक टळतो’ असं कुणी विकत असेल तर विश्वास ठेवू नका.

मिश्री सोडण्याचं. निपाणीच्या पंचक्रोशीत जिथे तंबाखू शेतात, वखारीत आणि विडीच्या सुपात आहे, तिथे ‘सोडा’ म्हणणं सोपं. पहिले तीन दिवस सगळ्यात अवघड : चिडचिड, डोकं जड. दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. सकाळची मिश्री बहुतेकींची शौचाशी जोडलेली असते, त्यामुळे ‘मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही’ ही खरी अडचण आहे. उठल्याबरोबर दोन पेले कोमट पाणी, थोडं चालणं, रात्री पालेभाजी. आठ-दहा दिवसांत पोट नव्या वेळेला लागतं. तीनही वेळेला तोंडात काहीतरी हवं असतं, तिथे बडीशेप. मेडिकलमध्ये निकोटीनचं च्युइंगम मिळतं, पण हलत्या दातांनी ते चघळता येणार नाही, तर पॅचबद्दल, म्हणजे कातडीवर चिकटवायच्या निकोटीनच्या पट्टीबद्दल, डॉक्टरांना विचारा. तंबाखू सोडण्यासाठीची सरकारची मोफत फोनसेवा १८००-११२-३५६ आहे. आणि डबी लपवू नका, त्यांच्याच हातून रिकामी होऊ द्या. सुनेने लपवलेली डबी शेजारणीकडे दुसऱ्या दिवशी मिळते.

आता रोजचं घासणं. बोटाने आयुष्य काढलेल्या माणसाला ब्रश टोचतो, म्हणून मऊ ब्रश, ‘मीडियम’ नको. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी. केस अर्धे दातावर अर्धे हिरडीवर, ४५ अंशात तिरके टेकवा, जागच्या जागी बारीक हलवा, मग हिरडीकडून दाताच्या टोकाकडे झाडा. एका वेळी दोन-तीन दात, एकूण दोन मिनिटं, सकाळ आणि रात्र. खालच्या पुढच्या दातांच्या आत ब्रश उभा धरून. आडवं जोरात घासलं की मुळं उघडी पडतात आणि दाताच्या मानेला खाच पडते. राख, कोळसा, विटेची पूड यांनी तेच होतं. दातांच्या फटींसाठी बाटलीच्या ब्रशसारखा दिसणारा छोटा इंटरडेंटल ब्रश मिळतो, त्याची मापं वेगवेगळी असतात. डॉक्टरांकडून तुमच्या फटीचं माप ठरवून घ्या. किंचित अडून जाईल असा हवा, जबरदस्तीने नको. रोज एकदा, प्रत्येक फटीत दोन-तीनदा आत-बाहेर. सेफ्टी पिन आणि काडीने हिरडी फाटते. सफाईनंतर ०.२ टक्क्यांचं क्लोरहेक्सिडिन देतील : १० मिलिलिटर, एक मिनिट, दोनदा, दोन आठवड्यांपर्यंतच. ब्रशनंतर अर्ध्या तासाने घ्या, पेस्टमधला फेस त्याचा परिणाम मारतो. त्याने दात तपकिरी पडतात, चहाने आणखी, पण ते डाग पुढच्या भेटीत निघतात. मिठाच्या पाण्याने, म्हणजे पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा, आराम पडतो. कीट निघत नाही.

आणि ताई, तुमचं. गरोदरपणात हार्मोन्समुळे थोड्याशा थरालाही हिरडी जास्त सुजते. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून आठव्यापर्यंत हे वाढतं. घाबरून ब्रश सोडू नका, तिथेच जास्त नीट घासायचं असतं. सफाईसाठी चौथा ते सहावा महिना सगळ्यात सोयीचा, म्हणजे आत्ताच. सासूबाईंबरोबर त्याच दिवशी वेळ घ्या, महिना किती ते आधी सांगा, खुर्चीत थोडं डाव्या कुशीला कलून राहा. हिरडीचा आजार आणि अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण यांचा संबंध दिसतो, पण हिरडीच्या उपचाराने ते टळल्याचं चाचण्यांत दिसलेलं नाही. सफाई तुमच्या तोंडासाठी करायची, ती सुरक्षित आहे. उलटी झाली तर लगेच ब्रश नको. पाण्याने चूळ भरा, अर्ध्या तासाने घासा. दोन दातांमध्ये लाल गाठ आली तर दाखवा, बहुधा ती बाळंतपणानंतर जाते. सासूबाईंच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊ नका. डॉक्सिसायक्लिनसारख्या काही गोळ्या बाळाच्या दातांचा रंग बिघडवू शकतात.

काही गोष्टींत अपॉइंटमेंटची वाट बघू नका. जबड्याखाली सूज पसरणं, गिळायला किंवा तोंड उघडायला त्रास, ताप : त्याच दिवशी हॉस्पिटल. पावसाळ्यात ताप आणि हिरड्यांतून रक्त एकदम आलं तर तो डेंग्यू असू शकतो, आधी रक्त तपासा. अंगावर निळे डाग आणि हिरडीतून न थांबणारं रक्त असेल तरीही आधी रक्त तपासा. आणि इतकी वर्षं मिश्री असलेल्या तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, किंवा बाकी दात घट्ट असताना एकच दात हलतोय आणि त्याभोवती मांस वाढलंय, असं दिसलं तर तो दात आधी काढून घेऊ नका. कॅन्सरची तपासणी करून मगच दाताला हात लावायचा असतो.